फेरिकवर आळ घेण्याआधी

घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचा बोर्ड, बनवणाऱ्या कुणालाही विचारा, बोर्ड बिघडला की पहिला आळ फेरिकवर, म्हणजे नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडवर येतो. फेरिक जुनं निघालं, फेरिकमध्ये भेसळ आहे, दुकानदारानं उरलंसुरलं गळ्यात मारलं. होल वाकडे गेले की आळ ड्रिलच्या बिटवर, आणि सर्किट चाललंच नाही तर आयसीवर, म्हणजे बोर्डावरच्या चिपवर. मला मात्र आता पक्कं वाटतं की घरच्या बोर्डाचा दोष जिथे दिसतो तिथे तो बहुतेक वेळा झालेलाच नसतो, एक पायरी आधी झालेला असतो. एचिंगमध्ये, म्हणजे फेरिकनं तांबं खाताना, दिसणारा दोष तांबं घासताना नाहीतर इस्त्री फिरवताना शिरलेला असतो, ड्रिलिंगमध्ये दिसणारा कॉम्प्युटरवर पॅड (पाय जिथे जोडतात ती तांब्याची टिकली) काढतानाच ठरून गेलेला असतो, आणि पावसाळ्यात शेतातल्या मोटारीच्या पेटीत जो दोष उगवतो तो बोर्ड धुताना आलेला असतो.

मी राहतो दर्यापूरच्या बाजूला, म्हणजे खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय, इथे बोअर मारली तरी पाणी खारंच लागतं. माझ्याकडे येणारं काम मात्र बरंचसं अंजनगाव, अचलपूर, चांदूर बाजारकडचं, तिकडे पाणी गोड आहे, संत्र्याच्या बागा आहेत, बोअरमध्ये सबमर्सिबल मोटारी आहेत, आणि मोटार म्हटली की जळणं आलंच. शेतीची थ्री फेज लाईन कधी दिवसाची कधी रात्रीची, रात्रीची पाळी असली की माणूस लाईन आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर लावून घरी झोपतो, मग रात्रीतून तीनपैकी एखादा फेज जातो किंवा बोअरचं पाणी खाली जातं आणि मोटार कोरडी फिरत राहते, सकाळी जाऊन बघावं तर वाइंडिंग काळं. त्यासाठी लागणारे छोटे बोर्ड मी बनवतो, पाणी संपलं की मोटार बंद करणारे, फेज गेला की रिले (विजेवर चालणारा स्विच) सोडणारे, टाकी भरली की कळवणारे. हे सगळं बाजारात तयार मिळतं, खोटं कशाला बोलायचं, पण प्रत्येकाची पेटी वेगळी असते, आणि जळालेल्या बोर्डाच्या जागी अगदी त्याच मापाचा बोर्ड लागतो, स्क्रूचे चारही होल जुळावे लागतात. एकच नग आणि तोही उद्या हवा, तिथे घरच्या एचिंगला तोड नाही. पंचवीस-पन्नास नग असतील तर मी स्वतःच सांगतो की फाइल पाठवा आणि फॅक्टरीतून करून घ्या, स्वस्तही पडतं आणि होलमध्ये तांबं चढवून मिळतं, जे घरी होत नाही.

पीसीबी म्हणजे छापील सर्किट, आणि ही छपाईची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पॉल आयस्लर नावाच्या ऑस्ट्रियन इंजिनिअरनं 1936 च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटवर रेडिओ चालवून दाखवला. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, हवा तेवढा भाग छपाईनं झाकायचा, उघडा राहील तो रसायनानं खाऊन टाकायचा, ही त्याची कल्पना, आपण घरी आजही तेच करतो. म्हणजे तांब्याचं खाणं हा शेवटचा भाग, आधीचं सगळं काम छापखान्याचं. म्हणूनच बिघाडही बहुतेक छपाईचेच.

साध्या बोर्डावर तांबं असतं 35 मायक्रॉनचं, एक चौरस फुटावर एक औंस तांबं पसरलं की साधारण तेवढी जाडी होते. इतक्या पातळ थरावर बोटाचा तेलकट ठसासुद्धा पुरतो. तांबं घासायला मी तारेची बारीक घासणी वापरतो, एकदा आडवी, एकदा उभी, वरून भांडी घासायची पावडर, आणि मग एक साधी परीक्षा. बोर्डावर पाणी ओतायचं आणि तिरपा धरायचा. पाण्याचा अख्खा पापुद्रा सलग राहिला तर तांबं स्वच्छ, कुठे पाणी फाटलं, थेंब जमले, तर तिथे तेल आहे, परत घासा. त्यानंतर बोर्ड फक्त कडेनं धरायचा. ही परीक्षा न करता पुढे जाणाऱ्याला मी हात जोडतो, कारण त्याचा पुढचा सगळा वेळ पाण्यात जातो.

टोनर ट्रान्सफरची रीत बहुतेकांना माहीत आहे. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये प्लास्टिकची भुकटी असते, गरम झाली की वितळते, गुळगुळीत कागदावर उलटी प्रिंट काढून तांब्यावर इस्त्री फिरवली की ती कागद सोडून तांब्याला धरते. इंकजेटनं हे होत नाही, शाई वितळत नाही. आता तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलं की पहिली अडचण म्हणजे त्याच्या मशीनवर टोनर वाचवायची सेटिंग चालू असते, त्याचा धंदा आहे, त्याचं बरोबर आहे, पण आपल्याला काळाकुट्ट प्रिंट हवा असतो. त्याला आधीच सांगायचं, दादा, डार्क करून द्या, सेव्हर बंद करा. दुसरी गोष्ट त्याहून मोठी, फिट टू पेज. पीडीएफ उघडली की प्रिंटर आपल्या मनानं चित्र थोडं लहान करतो आणि डोळ्याला ते कळत नाही. आयसीच्या पायांमधलं अंतर 2.54 मिमी असतं, चाळीस पायांच्या आयसीत एका बाजूच्या पहिल्या पायापासून शेवटच्या पायापर्यंत 48.26 मिमी होतात, प्रिंट तीन टक्के जरी लहान झाला तरी शेवटाला जवळपास दीड मिमीचा फरक पडतो. मग ड्रिल झाल्यावर पाय बसत नाहीत आणि लोक म्हणतात होल चुकले. होल बरोबर होते हो, कागदच आखूड होता. म्हणून झेरॉक्सच्या दुकानातच खिशातून आयसी काढून कागदावर ठेवून बघायची, पाय पॅडच्या मधोमध आले तर घरी या.

इस्त्रीचं गणित आमच्याकडे लाईनवर चालतं. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे, कुलर, टीव्ही लागले की व्होल्टेज पडतं, इस्त्री तापायला वेळ लागतो आणि तापली तरी मध्ये थंडावते, मग टोनर अर्धवट धरतो आणि कागद सोलताना ट्रॅकचे, म्हणजे सर्किटच्या रेघांचे, तुकडे कागदासोबत निघून येतात. याउलट भर दुपारी व्होल्टेज चांगलं असताना जास्त दाबलं की टोनर पसरतो, शेजारचे दोन ट्रॅक एक होतात. मी हे काम सकाळीच करतो, आधी बोर्ड नुसता गरम करून घेतो, मग कागद ठेवतो, दाब मधून कडेकडे नेतो आणि कोपऱ्यांवर इस्त्रीचं टोक फिरवतो. कागद कोमट पाण्यात भिजत ठेवायचा आणि आपला आपण सुटू द्यायचा, ओढायचा नाही. सुटल्यावरही ट्रॅकच्या मधल्या फटीत कागदाचे पांढरे तंतू राहतात, ओले असताना दिसत नाहीत, वाळले की दिसतात. जुन्या टूथब्रशनं ते काढायचे. बहुतेक शॉर्ट सर्किट मला या तंतूंपाशीच सापडतात.

इथे एक प्रसंग सांगतो. गावातलाच एक पोरगा, आयटीआयला जातो, हुशार आहे, तो एका संध्याकाळी बोर्ड घेऊन आला. "काका, पाहा ना हे. फेरिक नवंकोरं हाये, तरी खाऊनच नाई रायलं. काठानं पुरं खाल्लं अन् मधात तसंच हाये." बोर्ड हातात घेतला. कडेचं तांबं पूर्ण गेलेलं, तिथले बारीक ट्रॅक कुरतडल्यासारखे झालेले, आणि मधोमध तांब्याची बेटं. मी भिंग लावून बघितलं तर बेटांची कड नीट कापल्यासारखी होती, आणि एका बेटावर अजूनही पांढुरका पापुद्रा दिसत होता. नखानं खरवडला तर कागद. फेरिकचा काही संबंध नव्हता, ते बिचारं कागद पार करून तांब्यापर्यंत पोचतच नव्हतं, आणि मधलं खाल्लं जाईल या आशेनं पोरानं बोर्ड बुडवून ठेवला तोवर काठाचे ट्रॅक गेले. काठ आधी खाल्ला जातो हे तसं नेहमीचंच, कारण काठावर ताजं द्रावण चारी बाजूंनी येतं आणि मध्ये थांबून राहतं, पण बेटं राहणं हे नेहमीचं नाही.

मग त्याच्यासमोर दुसरा बोर्ड लावला आणि त्याला एक गोष्ट दाखवली, जी मला सगळ्या एचिंगमधली सगळ्यात कामाची वाटते. बोर्ड फेरिकमध्ये घालायचा आणि पाच-दहा सेकंदांत बाहेर काढायचा, पाण्यानं धुवायचा आणि उजेडात धरायचा. जिथे फेरिक तांब्याला भिडलं तिथली चकाकी लगेच जाते, रंग मंद, गुलाबीसर होतो. जिथे तेल आहे, टोनरची धूळ आहे, कागद आहे, तिथे तांबं तसंच चकाकत राहतं. म्हणजे पुढे काय राहणार ते पहिल्या दहा सेकंदांतच समजतं, आणि तेव्हा ते सुधारता येतं. चकाकणारी जागा टाचणीच्या टोकानं खरवडायची, टोनरला पडलेली बारीक भोकं पर्मनंट मार्करनं भरायची, वाळू द्यायचं आणि परत बुडवायचं. पोरगा भिंग घेऊन बराच वेळ त्या बोर्डावर वाकून बसला होता, मग म्हणाला, "म्हंजे हे तं आधीच सांगते आपल्याले." हो, सांगतं, फक्त बाहेर काढून बघावं लागतं.

आता फेरिकचं स्वतःचं. फेरिक क्लोराईडचे दोन रेणू तांब्याचा एक अणू घेतात, त्यातून फेरस क्लोराईड आणि कॉपर क्लोराईड तयार होतं, म्हणजे जेवढं तांबं खाल्लं तेवढी ताकद गेली. पिवळट तपकिरी द्रावण हळूहळू हिरवट काळं होत जातं. ताकद वाचवायची असेल तर सोपा उपाय कॉम्प्युटरवरच आहे, रिकामी जागा खायला लावूच नका, ग्राउंडचं तांबं तसंच भरून ठेवा, फेरिकही कमी लागतं, वेळही कमी लागतो आणि सर्किटलाही ते बरंच असतं. खडे विरघळवताना मात्र नेहमी पाण्यात फेरिक घालायचं, थोडं थोडं, कारण ते चांगलंच तापतं. भांडं प्लास्टिकचं नाहीतर काचेचं. घरातला जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, चुकूनही घेऊ नका, अ‍ॅल्युमिनियमवर फेरिक इतक्या जोरात तुटून पडतं की उकळून बाहेर येतं आणि गंजाला भोक पडतं. लोखंड, स्टील, नळाची तोटी, सगळ्यालाच ते लागतं. कपड्यावरचा डाग जात नाही. हातमोजे आणि चष्मा हे मी पोरांना सक्तीनं घालायला लावतो.

फेरिकला गरमी आवडते, 40 ते 50 डिग्रीला ते उत्तम चालतं. इथे विदर्भाचा उन्हाळा कामाला येतो. मे महिन्यात अंगणात सावलीतच 44-45 असतं, काळा ट्रे जरा वेळ उन्हात ठेवला की द्रावण आपोआप तापतं आणि दहा-पंधरा मिनिटांत बोर्ड मोकळा होतो, हिटर नको की काही नको. डिसेंबरात तोच बोर्ड, तेच फेरिक, तासभर लागतो, आणि लोकांना वाटतं फेरिक मेलं. मेलं नाही, गारठलंय. एका मोठ्या घमेल्यात गरम पाणी घेऊन त्यात प्लास्टिकचा ट्रे ठेवायचा, पुरतं. वेळेचा प्रश्न नुसता कंटाळ्याचा नाही. फेरिक फक्त खाली खात नाही, आडवंही खातं, नदी काठाखालची माती पोखरते तसं टोनरच्या खालून आत शिरतं, आणि जितका जास्त वेळ बोर्ड आत तितकं ते जास्त शिरतं. वरून टोनर पुसेपर्यंत ट्रॅक अख्खा दिसतो, पुसल्यावर कळतं की दोन्ही बाजूंनी बारीक झालाय. म्हणून थंडीत बारीक ट्रॅकचं काम मी घेतच नाही, घेतलं तर पाणी गरम करून.

आणि बोर्ड उताणा ठेवायचा नाही, पालथा ठेवायचा, तांबं खाली. यामागे आमच्या पाण्याचं कारण आहे. फेरिक साध्या पाण्यातही थोडा तांबूस गाळ सोडतंच, पण बोअरच्या जड पाण्यात कार्बोनेट असतात, त्यांच्यामुळे लोखंडाचा गाळ आणखी होतो, तो खाली बसतो आणि बोर्ड उताणा असला तर नेमका तांब्यावर बसतो, खाली खाणं थांबतं. कोपऱ्यांना प्लास्टिकच्या दोरीचे आधार देऊन बोर्ड पालथा तरंगता ठेवला आणि ट्रे अधूनमधून हलवला, खाली अडकलेले हवेचे बुडबुडे काढले, की गाळ आपोआप खाली जातो. द्रावण बनवायलाच बोअरचं पाणी न वापरणं हा खरा उपाय. मी छपरावरून धरलेलं पावसाचं पाणी वापरतो, ते संपलं की फिल्टरच्या कॅनचं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व थोडं घातलं तरी गाळ विरघळतो आणि द्रावण चपळ होतं, तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारे कलाकार हीच युक्ती वापरतात, एडिंबरा एच म्हणतात तिला. काही जण बाथरूमचं अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र करून झटपट एचिंग करतात, फार भरभर होतं हे खरं, पण त्यातून क्लोरिनचा वायू सुटू शकतो आणि खोलीत बसून हे करणं जिवावरचं आहे. मी ते कुणालाच शिकवत नाही.

पाण्यावरून सगळ्यात जास्त काळजी मला धुण्याची वाटते. अचलपूरकडच्या एका बागेतला ड्राय रनचा, म्हणजे पाणी संपलं की मोटार बंद करणारा, बोर्ड माझ्याकडे आला होता, दुसऱ्या कुणीतरी हातानं बनवलेला, ट्रॅक सुंदर, सोल्डरिंग देखणं. तक्रार अशी की सकाळी मोटार लागलीच की बंद पडते, ऊन चढलं की बरोबर चालते. मालकानं आयसी बदलून बघितली होती, रिले बदलला होता, सेन्सरची वायर नवी टाकली होती. भिंगाखाली बोर्ड धरला तर सेन्सरच्या दोन पॅडमधल्या फटीत हिरवट रेघ होती आणि आजूबाजूला पांढरी पावडर. फेरिकमधलं क्लोराईड आणि धुण्याच्या पाण्यातलं मीठ बोर्डावरच राहिलेलं. कोरडं असेपर्यंत ते गप्प असतं, दव पडलं, हवेत ओल आली की तेच मीठ ओलं होऊन करंट वाहायला लागतं. या सेन्सरच्या इनपुटला लाखो ओहमचा रेझिस्टर असतो, तिथे एवढीशी गळतीसुद्धा सर्किटला खरा सिग्नल वाटते. बोर्ड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ब्रशनं घासला, मग फिल्टरच्या पाण्यानं दोन-तीनदा धुतला, उन्हात कडकडीत वाळवला आणि वरून वार्निश मारलं. त्यानंतर त्या पावसाळ्यात तक्रार आली नाही. एक आयसी, एक रिले आणि कितीतरी सकाळचं ओलित गेलं, आणि दोष होता शेवटच्या बादलीतल्या पाण्यात. मनापासून सांगतो, खारपाणपट्ट्यात बोर्ड बनवणाऱ्यानं शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यानं कधीही करू नये.

आता ड्रिलिंग. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात, बिटवर बिट मोडतात. बोर्ड दोन प्रकारचे, एक तपकिरी, कागद आणि फिनॉलिकचा, ज्याला दुकानदार हायलम म्हणतात, आणि एक हिरवट पारदर्शक, ग्लास इपॉक्सी. हायलमला साधं एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं, बिट छान चालतं. ग्लास इपॉक्सीत काचेचे धागे असतात, ते एचएसएसची धार बघता बघता उतरवतात, आणि बोथट बिट कापत नाही, ढकलतं, होलभोवती तांब्याची कड वर येते, पॅड तापतं आणि सुटतं. म्हणून कार्बाईड बिट, बूड एक सुताचं आणि टोक 0.8 मिमीचं. कार्बाईड धारेला टिकतं पण वाकत नाही, जरा आडवा जोर आला की टक्‌कन मोडतं. हातात धरलेल्या ड्रिलनं कार्बाईड टिकेल ही अपेक्षाच करू नये, हातात फिरवायचं असेल तर एचएसएस घ्या आणि बोथट झालं की टाकून द्या. कार्बाईडला स्टँड हवा, आणि स्टँडच्याही आधी बिट धरणारा चक सरळ हवा. बिट लावून मोटार हातानं सावकाश फिरवा आणि टोकाकडे बघा, टोक जागच्या जागी फिरलं पाहिजे. टोक बारीकसं वर्तुळ काढत असेल तर होल मोठा होणार आणि बिट आज नाही तर उद्या मोडणार, मग बिट कुठल्याही कंपनीचं असो. फॅक्टरीतल्या मशीन मिनिटाला लाखाच्या घरात फेरे फिरवतात, आपली 12 व्होल्टची मोटार त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा घाई न करता, दाब न देता, बिटला त्याच्या चालीनं खाली जाऊ द्यायचं.

होल सरकतो तो मात्र बिटमुळे क्वचितच. तांबं गुळगुळीत असतं, टोक त्यावर घसरतं आणि काचेच्या धाग्यांच्या मधल्या खळगीत जाऊन बसतं. हे टाळायचं तर कॉम्प्युटरवर प्रत्येक पॅडच्या मधोमध 0.4 मिमीचं कोरं टिंब ठेवायचं. फेरिक तिथलं तांबं खातं, चिमुकला खड्डा होतो आणि बिट आपोआप त्यात बसतं. भरीव पॅड काढून मग प्रत्येक होलला पंच मारत बसणारे मी बघितलेत, आणि ग्लास इपॉक्सीवर पंच मारला की खालून पांढरा डाग पडतो, आतले थर सुटल्याची खूण. एक टिंब ठेवलं असतं तर हे सगळं वाचलं असतं. पॅडही कंजूषपणे काढू नका, घरच्या बोर्डाला 2 मिमीचं पॅड मी कमीतलं कमी मानतो, आधी फेरिक कडेनं खाणार, मग ड्रिल मधून खाणार, उरलेल्या कड्यावर सोल्डर धरायचंय.

मापं सांगायची तर साध्या रेझिस्टरला आणि आयसीला 0.8, 1एन4007 डायोडला 1 मिमी, रिलेला आणि वायर कसायच्या कनेक्टरला साधारण 1.3, स्क्रूला 3 च्या वर. तांब्याच्या बाजूनं ड्रिल करायचं आणि खाली लाकडाची सपाट फळी ठेवायची, म्हणजे पलीकडून बोर्ड फुटत नाही. फळीची तीच जागा परत परत वापरली की खाली पोकळी होते आणि फायदा संपतो, फळी सरकवत राहा. काचेची धूळ फार वाईट, फुंकर मारून उडवू नका, मास्क लावा आणि ओल्या फडक्यानं पुसा. घरात लहान मूल असेल तर हे काम बाहेरच.

राहिलं वापरलेलं फेरिक. एका बागवाल्यांनी माझ्याकडची हिरवी कॅन बघितली आणि म्हणाले, "भाऊ, तांबंच तं हाये ना याच्यात? फेकता काऊन? मले द्या, संत्र्याच्या बुडाले टाकतो, डिंक्यावर काम करीन." त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. संत्र्याच्या खोडावर डिंक्या रोगासाठी बोर्डो मलम लावतातच, आणि त्यात मोरचूद म्हणजे तांबंच असतं. पण मलमात तांबं मोजून घातलेलं असतं, चुन्यानं बांधलेलं असतं, आणि ते खोडाला बाहेरून लावतात. या कॅनमध्ये किती तांबं विरघळलंय ते कुणीच मोजलेलं नाही, शिवाय आम्ल आहे आणि क्लोराईड आहे, मुळाशी गेलं तर झाड पोसायचं सोडून मुळ्याच जाळेल. जमिनीतले उपकारक जीव आणि पाण्यातले मासे यांना विरघळलेलं तांबं फार थोडं लागतं मरायला. त्यामुळे नाली, विहीर, शेत, उकिरडा, कुठेही नाही.

मी काय करतो ते त्यांनाही दाखवलं. प्लास्टिकच्या बादलीत, मोकळ्या हवेत, द्रावणात तारेची लोखंडी घासणी टाकून ठेवायची, लोखंड विरघळतं आणि तांबं लाल भुकटी होऊन खाली बसतं. मग धुण्याचा सोडा चिमटी चिमटीनं, कारण फेस एकदम वर येतो. फेस यायचा थांबला की बादली रात्रभर ठेवायची आणि वरच्या नितळ पाण्यात हळद लावलेला कागद बुडवायचा. कागद लालसर झाला म्हणजे आम्ल संपलं, पिवळाच राहिला तर अजून सोडा. खाली बसलेला गाळ फडक्यातून गाळून, वाळवून झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, बरणीवर नाव लिहून, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताबाहेर. बोर्ड पुष्कळ केले तरी बरणी भरायला फार काळ जातो.

त्या बागवाल्यांना म्हटलं, मलम करायचाच तर कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणा आणि कळीचा चुना आणा, 1 किलो, 1 किलो आणि 10 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, आणि भांडं प्लास्टिकचं घ्या नाहीतर मातीचं, लोखंडी बादलीत मोरचूद भिजवलं की तांबं बादलीवरच चढतं आणि झाडापर्यंत पोचतच नाही.